वकीलसाहेबांची माफी

माझ्या हातून आयुष्यात एकच खलनायक लिहून झाला, एका नाटकातले वकीलसाहेब. त्याचं मला अजून कौतुक वाटतं आणि ते मी लपवत नाही. त्या नाटकातली बाकीची माणसंही मीच लिहिली होती. त्यांतली काही बरी उतरली, काही नुसतीच आत-बाहेर करत राहिली. वकीलसाहेब आले की मात्र प्रेक्षागृहातल्या खुर्च्यांची करकर थांबायची.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. व्यक्तिमत्त्व विकृतींचं प्रकरण आलं की मुलं पेंगतात, म्हणून मी एक युक्ती काढली होती. प्रत्येकानं मालिकेतला किंवा सिनेमातला एक खलनायक निवडायचा आणि पुस्तकातली लक्षणं ताडून त्याला नेमकी कुठली विकृती आहे ते वर्गात सांगायचं. मुलं अशी काही रंगायची की विचारू नका. एरवी तोंड न उघडणारी मुलगी उभी राहून ठणकावून सांगायची, मॅडम, ह्या सासूला दुसऱ्याचं दुःख कळत नाही, सतत कौतुक लागतं, सगळे आपले नोकर आहेत असं वाटतं, म्हणजे झालीच की लक्षणं. मग टाळ्या पडायच्या. मला स्वतःच्या शिकवण्याचा तेव्हा बराच अभिमान होता.

पण हा खेळ मी मुलांच्या पुष्कळ आधीपासून खेळत होते, आणि माझा खलनायक मालिकेतला नव्हता.

माझे वडील हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. सात रस्ता चौकातून पार्क चौकात जाईपर्यंत त्यांना दहा-बारा नमस्कार तरी मिळायचे, आणि प्रत्येक नमस्काराला ते थांबून, नाव घेऊन, घरच्यांची चौकशी करून उत्तर द्यायचे. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. त्यांना राग आला की ते समोरचं ताट दोन बोटांनी बोटभर पुढं सरकवायचे आणि उठायचे. झालं. त्यानंतर चार दिवस, कधी आठ दिवस, घरात ते कुणाशी बोलायचे नाहीत, पानावर बसायचे नाहीत. काय चुकलं ते सांगायचेही नाहीत. आई विचारायची, तेव्हा ते वर्तमानपत्राचं पान उलटायचे. अशात दारात पाहुणा आला की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि अगदी गोड आवाजात ते आत सांगायचे, जरा चहा टाकतेस का गं. पाहुणा गेला की पुन्हा वर्तमानपत्र.

आई वळसंगची. माहेरी कन्नड आणि मराठी दोन्ही चालायचं, आणि तिची मराठी शेतातली होती. ती पाहुण्यांसमोर ‘हितं बसा’ म्हणाली की वडील हसून म्हणायचे, ‘इथं.’ एवढंच. पाहुणेही हसायचे. पुढं पुढं आई पाहुण्यांसमोर बोलेनाशी झाली, नुसती कपबशा ठेवून आत जायची, आणि लोक म्हणायचे, सरांच्या मंडळी फार शांत आहेत हो.

एम.ए.ला असताना एका दुपारी ग्रंथालयात मला आत्मपूजक व्यक्तिमत्त्व विकृतीचं पान सापडलं. नऊ लक्षणं दिली होती. त्यांतली पाच जुळली तरी पुरे, असं पुस्तक म्हणत होतं. मी पेन्सिलीनं खुणा करत गेले आणि वडिलांना सात मिळाली. मला चक्क आनंद झाला. इतकी वर्षं घरात जे फिरत होतं त्याला नाव होतं, ते छापलेलं होतं, आणि ते आमच्या घराचं खास गुपित नव्हतं.

हे मी आईला सांगितलं नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत तिच्याजवळ शेंगा सोलत बसले असताना, मी एकदा विषय काढून पाहिला. बाबांचं वागणं एक प्रकारचं दुखणंच होतं, असं मी म्हणाले. ती सोलतच राहिली.

“तसं काय न्हाय,” ती म्हणाली. “मीच कमी पडले.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबा का जेवत नाहीत, असं विचारलं की ती हेच सांगायची. ते ऐकून माझं डोकं फिरायचं. जगातल्या कुठल्याही परीक्षेत मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते आणि ही बाई स्वतःला नापास करून मोकळी व्हायची. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिनं एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडानं म्हणावं की चूक तिची नव्हती. ती सत्तरीच्या पुढं गेली होती आणि मला घाई झाली होती.

त्याच सुमाराला एका हौशी नाट्यमंडळाला स्पर्धेसाठी नवं नाटक हवं होतं. त्यांचे दिग्दर्शक बँकेत नोकरीला, माझे शेजारी. त्यांनी गमतीत म्हटलं, मॅडम, तुम्ही एवढे खलनायक तपासता, एखादा लिहा की. मी तीन महिन्यांत लिहून दिलं. गणिताच्या मास्तरांचा वकील केला, बायकोचं माहेर माढ्याकडं नेलं, आणि मुलगी काढून टाकली. आपण ओळखू येऊ नये म्हणून माणूस किती कष्ट घेतो, आणि ते किती वाया जातात.

मला माझं लिखाण फार आवडलं होतं. नऊच्या नऊ लक्षणं मी वकीलसाहेबांना दिली होती, एकेका प्रवेशात एकेक, कुठंही दोन एकत्र येऊ दिली नव्हती. शेवटच्या प्रवेशात बायको पिशवी भरून निघते. तेव्हा वकीलसाहेब गुडघे टेकतात आणि म्हणतात, “माझं चुकलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं.” हे वाक्य कुणासाठी होतं ते सांगायला नकोच. आईला मी प्रयोगाला नेणार होते, पुढच्या रांगेत बसवणार होते, आणि ते वाक्य तिच्या कानावर घालणार होते.

तालमी पूर्व भागातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये चालायच्या. वकीलसाहेबांच्या भूमिकेसाठी दिग्दर्शकांनी ज्यांना आणलं त्यांना बघून मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. पन्नाशी उलटलेले, काटक, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. घरात तेलुगू. सगळे त्यांना मामा म्हणत. पंचवीस-तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहून कान जवळजवळ गेलेले. पहिल्या दिवशी त्यांनी वाचन केलं ते इतक्या हळू आवाजात की मला हॉलच्या मध्यावरसुद्धा धड ऐकू येईना. मी दिग्दर्शकांच्या कानाशी लागून म्हणाले, “ऐकूच येत नाही त्यांना. हे कसले खलनायक करणार?”

हॉलच्या दुसऱ्या टोकाला मामांनी हातातला कागद खाली केला.

“ऐकू कमी येतं, म्याडम,” ते शांतपणे म्हणाले. “दिसतं मातर समदं.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग दिग्दर्शकांनी हसत समजावलं. कारखान्यात माग चालू असताना शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलतात. मागातला धोटा अडकला, सुताची तार तुटली, चहा आला, मालक आला, सगळं शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आवाज न करता जातं. मामांना तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा ओठांवर वाचता येत. स्वतः बोलतानाही ते आवाजावर भर द्यायचे नाहीत, प्रत्येक शब्द ओठांनी नीट घडवून समोर ठेवायचे. त्यांच्या दृष्टीनं बोलणं म्हणजे तेच होतं.

दिग्दर्शक त्यांना आवाज वाढवायला सांगून सांगून थकले. शेवटी एक दिवस ते हॉलच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले, आणि थोड्या वेळानं मला खूण करून बोलावलं. आम्ही दोघं तिथून बघत होतो. मामा बायकोची भूमिका करणाऱ्या मुलीशी बोलत होते, ‘एवढंही जमू नये तुला?’ हे माझं साधंसं वाक्य. ऐकू येण्यासाठी आम्ही दोघं नकळत पुढं झुकलो होतो. हॉलमधले बाकीचेही झुकले होते. तेव्हा मला माझ्या घरातली ती सवय आठवली. वडील बोलतील तेव्हा ऐकू यावं म्हणून आम्ही सगळे असेच मान पुढं काढून वावरायचो. आरडाओरडा करणाऱ्या माणसापासून लांब पळता येतं, हळू बोलणाऱ्याच्या आपण आपणहून जवळ जातो. हे पुस्तकातल्या नऊ लक्षणांत कुठंही नव्हतं, आणि टॉवेल विणणाऱ्या एका माणसानं ते पहिल्याच आठवड्यात हाताशी आणून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी मामांची चाहती झाले.

त्यांना विकृती समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर होती. मी फळ्यावर लक्षणं लिहिली, उदाहरणं दिली, आतून हा माणूस कसा पोकळ असतो, त्याला कौतुक का लागतं, टीका का सोसत नाही, वगैरे तासभर बोलले. मामा माझ्या तोंडाकडं एकटक बघत होते. वर्गात इतकं लक्ष मला कुणी दिलेलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “म्हंजी ह्यो आजारी हाय?”

“आजार असा नाही म्हणता येणार,” मी म्हणाले. “घडणच तशी असते.”

“आजारी म्हणलं की माणूस सुटतो की ओ,” मामा म्हणाले. “लोकं म्हणतील, बिचारा. मी त्याला सोडणार न्हाई. पर मला एक सांगा. घरात कुणी नसताना ह्यो काय करतो?”

“म्हणजे?”

“समोर बायको न्हाई, पाव्हणा न्हाई. एकटाच हाय. तवा काय करतो?”

 माझी नऊच्या नऊ लक्षणं दुसऱ्या कुणासमोरची होती. तो एकटा असताना मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मामा ठाम होते. ते म्हणाले, एकटा असताना माणूस काय करतो ते कळल्याशिवाय त्याचे कपडे अंगावर चढवता येत नाहीत. मला राग आला, तो स्वतःचाच. डॉक्टरेट माझ्याकडं होती आणि प्रश्न त्यांना पडला होता.

त्या रविवारी मी आईकडं गेले आणि भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा घरात एकटे असले की काय करायचे गं?”

“मला काय ठावं,” ती म्हणाली. “मी घरात असायचे न्हाय तवा.” मग मेथीची काडी मोडत म्हणाली, “जेवायचे.”

“जेवायचे म्हणजे?”

“रुसल्यावर जेवायचे न्हाईत की चार-चार दिवस. मग मी दळण आणाय म्हणून बाहीर पडायचे, तवा सैपाकघरात उभ्या उभ्या जेवायचे. पातेल्यातनंच. मी आल्यावर बघायचे तर दोन भाकरी कमी, आमटी खाली गेलेली. म्हणून मी दोन जास्तीच्याच करून ठिवायचे आन बाहीर जायचे.” ती जराशी हसली. “भूक लागायचीच की माणसाला.”

मी मेथी निवडायची थांबले होते. तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि तिनं दाखवलं नसेल. चार-चार दिवस बाप उपाशी आहे म्हणून मी शाळेत डबा उघडताना रडकुंडीला यायचे. आणि इकडं ही बाई दळणाचा डबा काखेला मारून मुद्दाम बाहेर पडत होती, त्याला चोरून जेवता यावं म्हणून, आणि त्याला ते कळूही देत नव्हती. या बाईला मी कुठल्या तोंडानं मानसशास्त्र सांगायला निघाले होते?

तरी मी ते नाटकात घातलं. इथं माझा हावरटपणा मला कबूल करायला हवा. वकील, माढा, मुलगी गाळणं, एवढी सगळी झाकपाक केली, आणि जी गोष्ट जगात फक्त आई आणि आता मी, दोघींनाच माहीत होती, ती उचलून दुसऱ्या अंकात ठेवली. ती इतकी खरी होती की लेखक म्हणून माझ्याच्यानं राहवलं नाही. आईला ती तिथं बसल्या बसल्या दिसेल, याचा विचार मी केला होता असं म्हणायला मला आवडेल. केला नव्हता.

मामांना मी तो प्रवेश सांगितला. ते नुसतं “हां” म्हणाले. पुढच्या तालमीला त्यांनी तो एकट्यानं करून दाखवला, एकही शब्द न बोलता. स्वयंपाकघरात येतात, बाहेरच्या दाराकडं बघतात, पातेल्यावरचं झाकण काढून ते आवाज न होऊ देता ओट्यावर ठेवतात. भाकरीचा तुकडा मोडतात, आमटीत बुडवून खातात, घाईघाईत, मान खाली घालून. मग बोटं चाटून झाकण होतं तसं ठेवतात, आणि पंच्यानं ओठ पुसता पुसता चेहरा पुन्हा रागावलेला करतात. तो चेहरा ते आमच्यासमोर, हळूहळू, कपडे घालावेत तसा घालत होते. तालमीला चहा द्यायला आलेल्या बाई किटली हातात धरून उभ्या राहिल्या. मला वकीलसाहेबांची कीव आली, आणि लगेच त्या कीव येण्याचा संताप आला. हे दोन्ही एका वेळी एवढ्या जोरानं वाटायला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी मनात नऊ लक्षणांच्या यादीवर काट मारली.

शेवटच्या प्रवेशाबद्दल मात्र त्यांनी एकदा विचारलं, “म्याडम, ह्यो खरंच मागंल का माफी?”

“मागेल,” मी म्हणाले. “लिहिलंय ना मी.”

“बरं,” मामा म्हणाले, आणि त्यांनी तो प्रवेश सांगितला तसा, चोख बसवला. पुन्हा तो विषय काढला नाही.

आमचा प्रयोग दुपारी चारचा होता. आईला मी दुसऱ्या रांगेत, बरोबर मध्ये बसवलं. तिनं जांभळी इरकल नेसली होती आणि मांडीवर पाण्याची बाटली ठेवली होती. वकिलाचं नाटक आहे, एवढंच मी तिला सांगितलं होतं. मी स्वतः विंगेत दिग्दर्शकांच्या शेजारी उभी राहिले. त्यांच्या हातात संहिता होती. मामांच्या कानावर आवाज पोचत नसल्यामुळं वाक्य अडलं तर दिग्दर्शक विंगेतून ओठ हलवून दाखवणार होते.

पहिला अंक झाला. दुसऱ्या अंकात मामा पातेल्याकडं गेले, आणि त्यांनी झाकणाला हात लावला त्याच क्षणी मी मान काढून दुसरी रांग शोधली. विंगेतून मला आई दिसत नव्हती. मी काय करून बसले होते ते मला तेव्हा कळलं, आणि आता ते थांबवण्याचा काही मार्ग नव्हता. प्रेक्षागृहात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मामा जेवत होते. मी विंगेतल्या पडद्याची कडा घट्ट धरून ठेवली होती.

शेवटचा प्रवेश आला. बायको पिशवी भरते, दाराकडं वळते. मामांनी हाक मारली, ती थांबली. ते पुढं आले, अगदी रंगमंचाच्या कडेशी, आणि एक गुडघा टेकायला वाकले. अर्धे वाकलेले असताना त्यांनी समोर पाहिलं, आणि ते तिथंच थांबले.

तीन सेकंद गेले असतील, पाच गेले असतील. दिग्दर्शकांनी ओठ हलवायला सुरुवात केली, “माझं चुकलं, माझं चुकलं.” मामांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. वाक्य त्यांना स्पष्ट दिसलं होतं, याबद्दल माझी खात्री आहे. मग ते सरळ झाले. धोतरावरची नसलेली धूळ झटकली. बायकोकडं पाठ केली, शांतपणे चालत जाऊन पाटावर बसले, मघाशी पुढं सरकवलेलं ताट दोन बोटांनी ओढून जवळ घेतलं, आणि जेवायला लागले.

बायकोचं काम करणारी ती मुलगी हुशार. तिनं क्षणभर त्यांच्या पाठीकडं पाहिलं, पिशवी उचलली आणि काही न बोलता निघून गेली. मामा जेवतच होते. पडदा पडला. बाहेर टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

दिग्दर्शक रडकुंडीला आले होते. मंजूर संहितेत नसलेलं केलं म्हणून गुण कापतील, असं ते परत परत म्हणत होते. मला गुणांचं काही नव्हतं. माझं एक वाक्य, ज्याच्यासाठी अख्खं नाटक लिहिलं होतं ते एक वाक्य, या माणसानं गिळलं होतं. मी तणतणत रंगपटात गेले. मामा बनियनवर बसून खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढत होते. मी समोर उभी राहिले, म्हणजे माझे ओठ त्यांना नीट दिसतील.

“मामा, का केलंत असं?”

“रागवा म्याडम,” ते म्हणाले. “तुमचा हक्क हाय. पर दुसऱ्या रांगेत एक म्हातारी बाई बसलीवती. जांभळ्या लुगड्यात. समोरचा उजेड तिच्या तोंडावर पडत हुता. मी गुडघा टेकाय लागलो आन ती बोलली. आवाज न्हाई, नुसते ओठ.”

“काय बोलली?”

“‘न्हाय. ह्ये न्हाय केलं त्यांनी.’” मामांनी कापूस खाली ठेवला. “दोनदा बोलली. शेजारणीला न्हाई, माझ्या तोंडाकडं बघून बोलली. आता जिनं बघितलंय ती सांगतीय, मग मी कसं करणार ओ?”

ती बाई कोण ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. मी त्यांच्या पायांना हात लावला, तेलकट हातांनी त्यांनी माझे हात धरून वर उचललं, आणि मी बाहेर आले.

आई नाट्यगृहाच्या आवारात एका कट्ट्यावर बसली होती. अजून उजेड होता. लोक स्कूटर काढत होते, वकिलाबद्दल बोलत होते, एक जण म्हणत होता, असला माणूस आमच्या गल्लीत आहे. मी तिच्याशेजारी बसले. 

“चांगलं केलंस नाटक,” ती म्हणाली.

“आई, तू आत काहीतरी बोललीस. शेवटी.”

“मी कुटं बोलले.”

“ओठ हलले तुझे. त्यांना दिसलं.”

तिनं बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. ते घट्टच होतं.

“मला वाटायचं, ते कसे हुते त्ये तुला ठावं न्हाय,” ती म्हणाली. “तू सारखी त्यांच्या मागं मागं असायचीस. शाळंत सरांची पोरगी म्हणून मिरवायचीस. म्हणलं, हिला तरी बाप चांगला ऱ्हाऊ दे.”

मला रडू यायला लागलं होतं. “मग मीच कमी पडले, मीच कमी पडले, असं का म्हणत आलीस गं जन्मभर?”

“तू इचारायचीस की, बाबा का जेवत न्हाईत,” आई म्हणाली. “एवढीशी हुतीस. कुणाची तरी चूक हाय म्हणून सांगाय पायजे हुतं. त्यांची कशी सांगू? म्हणून माझी सांगितली.”